मार्फत पंपवाले

"तोडून टाक! आत्ताच्या आत्ता तोडून टाक! तुह्या कंपनीचा तारच नाही पायजे मले दुकानात!"

हे मी फोनमध्ये ओरडत होतो. माझा आवाज तेव्हा असा होता की इर्विन चौकातल्या हवालदारानं तोंडातली शिट्टी काढून घेतली आणि ट्राफिक माझ्या भरवशावर सोडला. समोरचा माणूस अकोल्यात, इंटरनेट कंपनीत बसला होता. खरं सांगायचं तर मधे फोन धरायची गरज नव्हती. दार उघडं ठेवलं असतं तरी ऐकू गेलं असतं त्याला.

माझं दुकान अमरावतीला, फवारणीपंप दुरुस्तीचं. त्या वर्षांत कापसाचं आमच्याकडे काय चाललं होतं ते पेपरात रोज छापून येत होतं, मी पुन्हा सांगत बसत नाही. माझ्या पायरीपुरतं सांगतो. औषध मारलं तरी अळी मरत नव्हती, म्हणून लोक पुन्हा मारत होते. त्यात पंप मरत होते. सकाळी शटर उचललं की पायरीवर पंधरा-वीस माणसं पाठीवरचा पंप पुढ्यात घेऊन बसलेली असायची, दवाखान्यात लेकरू मांडीवर घेऊन बसावं तशी. आणि माझ्याकडे वॉशर नव्हते. वॉशरची मागणी पंपकंपनीला ई-मेलनं पाठवावी लागे, आणि तीन दिवस झाले, ई-मेल काही जात नव्हता. कॉम्प्युटर कीं कीं करायचा, मग म्हणायचा, पुन्हा प्रयत्न करा. मी प्रयत्न करायचो आणि पायरीवरची माणसं माझ्याकडे पाहायची.

"साहेब," फोनवरचा माणूस थंडपणे म्हणाला, "तोडायचं असन तं लेखी द्या."

लेखी! माझ्यासारख्याला लेखी मागायचं म्हणजे पैलवानाला कुस्ती खेळता का विचारायचं. मी पायरीवरच्या लोकांना मोठ्यानं वाचून दाखवत पत्र लिहिलं. त्यात मी म्हटलं होतं की आपली सेवा म्हणजे रेड्याच्या शेपटीला बांधलेला टेलिफोन आहे, रेडा हलला तर बोलणं होतं आणि रेडा बसला की महिना जातो. त्यात मी असंही म्हटलं होतं की आपल्या मालकानं इंटरनेट विकण्यापेक्षा रेडेच विकावेत. खाली सही, सहीवर दुकानाचा शिक्का, आणि हौस म्हणून शिक्क्यावर आणखी एक शिक्का. लोक हसले. तीन दिवसांत पहिल्यांदा हसले. मी तिथल्या तिथे ते पत्र कंपनीच्या अमरावतीच्या हापिसात नेऊन दिलं आणि पोच घेतली. दुसऱ्या एका कंपनीचा विक्रेता आधीच नव्या कनेक्शनचा फॉर्म ठेवून गेला होता. तो भरला. दिग्विजय झाला.

परत आलो तर शेजारच्या दुकानातले मास्टर दारात उभे. मास्टर म्हणजे शिंपी. त्यांचं दुकान आणि माझं दुकान यांच्यात एकच भिंत, आणि तीही इतकी पातळ की त्यांच्या मशीनच्या तालावर माझे हातोडे पडत. तोंडात सुई, गळ्यात टेप. सुई काढून ते म्हणाले, "भाऊ, एक विचारू का?"

"विचारा ना मास्टर!"

"तुमी कनेक्शन तोडलं. ठीक केलं. लेकिन आपल्या पोरीचं जवाब कोनत्या पत्त्यावर येनार हाय?"

मी हसलो. हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

आता हे जरा समजून सांगायला हवं. त्या गल्लीत ई-मेल एकट्या माझ्याकडे होता. पत्ता काय होता? आधी माझ्या दुकानाचं नाव, मधे तो वेटोळं घातलेला अ, आणि पुढे त्या अकोल्याच्या कंपनीचं नाव. माझ्या लेखी पहिला भागच पत्ता. पुढचं ते काय, तालुका-जिल्हा लिहितात तसं. मी तो शटरवर तेलरंगानं रंगवून घेतला होता. आणि आमच्याकडची रीत अशी की ज्याच्याकडे पत्ता आहे त्याच्या मार्फत सगळ्यांचं टपाल यायचं. पूर्वी किराणावाल्याच्या मार्फत यायचं, आता माझ्या मार्फत येऊ लागलं. हॉटेलवाल्याच्या जावयाचं मस्कतहून, कोपऱ्यावरच्या गुरुजींच्या पेन्शनचं, कोणाकोणाच्या लग्नपत्रिकांवर तर खाली छापलं होतं: "ई-मेल, मार्फत पंपवाले". पासवर्ड सगळ्या गल्लीला पाठ होता. ज्याला घाई असेल तो स्वतः येऊन उघडायचा. ह्याला मी माझी लोकप्रियता समजत होतो.

मास्टरची पोरगी कापसावरच्या किडींचं शिकलेली. एम.एस्सी. पहिल्या वर्गात. पण नोकरी म्हणजे कंत्राटी, सर्वेक्षणाची. बार्शीटाकळीकडच्या शेतांतून फिरायचं आणि पानं उलटी करून अळ्या मोजायच्या. अकोल्यात खालाकडे, म्हणजे मावशीकडे राहायची. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत पक्की जागा निघाली तेव्हा तिनं अर्ज केला. अर्ज भरताना माझ्या दुकानात बसली होती आणि म्हणाली, "काका, मी कॅफेत जाऊन आपला एक पत्ता काढून घेते. फुकट भेटते आजकाल. कोनत्या बी कंपनीचं कनेक्शन असो, कोठूनबी उघडता येते."

"फुकट?" मी म्हणालो. म्हणालो कसला, गर्जलो. "फुकटचा पत्ता म्हणजे एसटी स्टँडवरचा बाक, बेटा! आज तू बसली, उद्या दुसरं कोनी पथारी टाकते. हैदराबादवाले काय म्हनतीन? माझा पत्ता पाय, शटरवर हाय. पक्का हाय. पाऊस पडला तरी जात नाही."

ती मास्टरांकडे पाहत होती. मास्टर म्हणाले, "भाऊ म्हनतात ते बराबर हाय. लडकीजात, जान-पहचानच्या पत्त्यावर आलेलं बरं." आणि तिनं माझा पत्ता लिहिला. हे मीच करवलं. हे मी इथे लिहून ठेवतो, कारण पुढं मी गल्लीत ही गोष्ट ज्या ज्या वेळी सांगितली त्या त्या वेळी हा भाग मी गाळला.

तर मास्टर दारात उभे होते.

"काही होत नाही," मी म्हणालो. "पत्ता माझा हाय. नाव माझं हाय त्याच्यात. कनेक्शन तोडल्यानं मानसाचं नाव जाते का?"

आणि मी काय केलं? पूर्वी दुकान दोन गल्ल्या सोडून इकडे आणलं तेव्हा पोस्टात जे केलं होतं तेच केलं. अर्ज लिहिला. विषय: पत्ता बदलल्याबाबत. "माझ्या जुन्या ई-मेल पत्त्यावर येणारे समस्त टपाल कृपया नवीन पत्त्यावर वळते करावे." तोही अमरावतीच्या हापिसात दिला. तिथल्या बाईंनी तो वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि पोच दिली. आता पोच मिळाल्यावर माणसानं कशाला काळजी करावी? पोस्टात तर असंच होतं. पोस्टमन मला ओळखतो. पाकिटावर नुसतं 'पंपवाले' लिहिलं तरी आणून देतो. अर्ज न करताही दिलं असतं त्यानं. कॉम्प्युटर मला ओळखत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला न ओळखणारं कोणी वऱ्हाडात असू शकतं हेच मुळात माझ्या डोक्यात येत नसे.

रोज सकाळी मास्टर भिंतीपलीकडून विचारायचे, "भाऊ, आलं का?"

"येईन ना मास्टर! अर्ज देला ना!"

नव्या पत्त्यावर नव्या कंपनीच्या जाहिराती येत होत्या. दुसरं काही येत नव्हतं. सातव्या-आठव्या दिवसापासून मास्टरांनी विचारणं सोडलं. मशीनचा आवाज तेवढा यायचा. तो थांबला की मला वाटायचं, आता विचारतील. मग मी उगाच पंपावर हातोडा मारायचो.

शुक्रवारी पोरगी घरी आली. घरात जायच्या आधी माझ्या दुकानात आली, बुटांना काळी माती तशीच. मी सगळं सांगितलं, म्हणजे पत्र किती झकास लिहिलं होतं तिथून सुरुवात केली. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"काका, तारीख कोनती होती बंद केल्याची?"

मी पोच दाखवली. तिनं बोटांवर मोजलं आणि समोरच्या एसटीडी बूथमध्ये शिरली. मी आणि मास्टर काचेबाहेर उभे. तिनं आधी हैदराबादला लावला. बाहेर आली तेव्हा चेहरा असा की मास्टरांच्या गळ्यातला टेप मीच धरला, न जाणो पडतील.

"मेल गेले म्हनतात. ज्याची निवड झाली त्याच्या मेलमदे एक नंबर हाय. तो नंबर लिहून उद्या पाच वाजेपर्यंत होकार पाठवायचा. नाही आला तं जागा यादीतल्या खालच्याले. कोनाची निवड झाली ते फोनवर सांगत नाही. नंबर तं नाहीच नाही."

मग कंपनीच्या अमरावतीच्या हापिसात गेलो. त्याच बाई. म्हणाल्या, ई-मेलचा डबा अकोल्याला असतो, कनेक्शन गेलं की डब्याला कुलूप लागतं. पंधरा दिवस आत टपाल पडत राहतं, मग पुसून टाकतात. किती दिवस झाले? त्यांनी वही पाहिली. उद्या पंधरावा.

"पन थो अर्ज देला ना मी! पत्ता बदलल्याबाबत!"

बाईंनी खण उघडला. अर्ज वरच होता. म्हणाल्या, "याचं काय करायचं ते आम्हाला समजलं नाही."

मालकाला अकोल्याला फोन लावला. माझं नाव सांगितल्यावर मालक जेवायला बसले. तासाभरानं लावला तर अजून जेवत होते. एवढं जेवण तर आमच्याकडे तेरवीलाही चालत नाही.

शनिवारी पहिल्या एसटीनं निघालो, मी, मास्टर आणि पोरगी. ती एसटी अशी चालली की बाजूनं म्हशी ओव्हरटेक करत होत्या. मूर्तिजापूरला ड्रायव्हर चहाला उतरला. मी खिडकीतून त्याला असं काही सुनावलं की हॉटेलातल्या भज्यांना गार घाम फुटला. त्यावर ड्रायव्हरनं दुसरा चहा मागवला.

"काका, बसा," पोरगी म्हणाली. एवढंच बोलली ती अकोल्यापर्यंत. मास्टर तेवढंही बोलले नाहीत. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांत आपण तयार आहोत. गप्प बसलेल्या माणसापुढे माझं सामान चालत नाही.

मालक म्हणजे पूर्वीचे जिनिंगवाले. कापूस यायचा कमी झाला तशी जिनिंग बंद पडली, आणि त्यांनी सरकी-रुईच्या वजनकाट्याच्या खोलीत एसी लावून इंटरनेट मांडलं. गाद्या मात्र जुन्याच होत्या. त्यांनी आम्हाला दोन तास बाहेर बसवलं. आत घेतलं तेव्हा भिंतीवर दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. माझं पत्र त्यांच्या समोर उघडं.

"हे कोनी लिहिलं?"

"मी," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं, सावकाश. रेड्याची शेपटी आली. रेडा बसला. दारात त्यांची तीन-चार माणसं गोळा झाली. मालकानं रेडेच विकावेत, हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. पायरीवर ज्या शब्दांना हशा पिकला होता ते शब्द त्या गादीवर एकेक करून मरून पडत होते. पोरगी घड्याळाकडे बघत होती.

"शेठजी," ती म्हणाली, "पत्र यांनी लिहिलं. मेल माझा हाय. माझ्या नोकरीचा हाय. पाच वाजता मुदत संपते."

"बेटा, तुझ्याशी माझं वाकडं नाही," मालक म्हणाले. "पन डबा यांच्या नावावर, आनि डबा माझ्या घरात. तुह्यं त्याच्यात काय हाय? नियमानं मी तुले उघडून दाखवू शकत नाही. यांनी मागितलं तं दाखवीन. यांनी लिहून द्यावं, का शब्द परत घेतो. शिक्का मारून. खातं दुकानाचं हाय."

मी म्हणालो, "देतो लिहून."

"शिक्का?"

शिक्का अमरावतीला होता. ज्या दिवशी गरज नव्हती त्या दिवशी मी दोनदा मारला होता, आणि आज तो दुकानाच्या खणात होता.

मालकांनी टेबलावरचं स्टॅम्पपॅड माझ्याकडे सरकवलं. "मंग अंगठा द्या."

अख्ख्या अमरावतीत माझ्या अक्षराचं नाव. लोक तक्रारी लिहून घ्यायला येत माझ्याकडे. मी दारातल्या माणसांकडे पाहिलं, मास्टरांकडे पाहिलं. मास्टर जमिनीकडे पाहत होते. मी लिहिलं, आणि अंगठा दिला. इथे अतिशयोक्ती करायला पुष्कळ जागा आहे, पण मला सुचत नाही.

आतल्या खोलीत एक टेक्निशियन. तो म्हणाला, तीनला लोडशेडिंग आहे, त्यानंतर बॅटरीवर वीस मिनिटं, त्याच्या वर नाही. कुलूप काढायलाच त्याला पाऊण तास लागला. मधे तीन वाजले, एसी बंद पडला, आणि बॅटरी टीं टीं करू लागली.

"पासवर्ड?"

आणि माझं डोकं कोरं झालं. पूर्ण कोरं. जो पासवर्ड मी गल्लीभर ओरडून सांगितला तो मला आठवेना. मास्टरांनी घसा साफ केला आणि अक्षर अक्षर करून सांगितला.

डबा उघडला. पंपकंपनीची पत्रकं. वॉशरचे नवे दर, पंपाचं नवं मॉडेल, डीलरांना शुभेच्छा, पुन्हा पंपाचं नवं मॉडेल. टेक्निशियन खाली खाली सरकवत होता. गुरुजींची पेन्शन. मस्कतचे जावई, पाच वेळा. टीं टीं आता जोरात होऊ लागली. "वर घ्या," पोरगी म्हणाली, "वर, वर, थांबा." हैदराबाद. तिनं पाठीवरच्या पिशवीतून सर्वेक्षणाचा कागद काढला, अळ्या मोजायचा, आणि पाठकोऱ्या बाजूवर नंबर उतरवू लागली. अकरा आकडे होते. नवव्यावर पडदा काळा झाला.

टीं टीं पण बंद. त्या अंधाऱ्या खोलीत मला माझाच श्वास पंपासारखा ऐकू येत होता.

"राहिले का?" मास्टरांनी विचारलं.

"दोन राहिले. पायले मी." तिनं डोळे मिटून दोन आकडे लिहिले.

खरे की खोटे, कोण सांगणार? वीज सातला येणार होती. समोर एका कॅफेला जनरेटर होता. तिथे ती धावली, आणि आम्ही दोन म्हातारे मागून. तिथं गर्दी, चार मशीन, आणि निकाल बघणारी मुलं. मी ओरडायला तोंड उघडलं, तिनं हात वर केला, मी मिटलं. ती एका मुलीशी दोन शब्द बोलली आणि तिला जागा मिळाली. मग तिनं स्वतःचा पत्ता काढला. मी घड्याळ लावून सांगतो, सहा मिनिटं लागली. ज्याच्यासाठी मी शटर रंगवलं होतं त्याला सहा मिनिटं. त्या पत्त्यात तिचं नाव होतं. माझं नव्हतं, तिच्या अब्बांचं नव्हतं, अकोल्याच्या कोण्या शेठचंही नव्हतं. त्यावरून तिनं लिहिलं की आधीचा पत्ता बंद पडला आहे, यापुढे हा धरावा, नंबर अमुक, मला जागा मान्य आहे. चार वाजून बारा मिनिटांनी पाठवलं.

मग बसलो. मास्टर तसबी ओढत होते. मी बोटांनी टेबल वाजवत होतो, तर कॅफेवाला म्हणाला, "काका, मशीन हलते." साडेचार झाले. पावणेपाच. ती दर मिनिटाला एक बटण दाबत होती. शेवटचे दोन आकडे उलटसुलट झाले असले तर? मी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला काही विचारायचं धाडस झालं नाही.

पाचला सहा कमी असताना ती मागे टेकली.

"काय झालं? काय झालं?"

"नंबर जुळला म्हनतात. पत्ता बदलून घेतला. एक तारखेले हजर व्हायचं."

मास्टर खुर्चीतच रडले. मी म्हणे इतक्या जोरात ओरडलो की जनरेटर बंद पडला. तो बंद पडला हे खरं आहे, डिझेल संपलं होतं.

ती खालाकडे राहणार होती. स्टँडवर आम्हाला एसटीत बसवायला आली. मास्टर खिडकीशी बसले. मला आता हलकं वाटत होतं, आणि हलकं वाटलं की मी बोलतो. म्हणालो, "पाय, शेवटी झालं ना काम! बरं, आता थो तुह्या नव्या पत्त्याचा पासवर्ड सांगून ठेव मले. तू हैदराबादले गेली, कधी कॉम्प्युटर नाही भेटला, तं इथं आपन उघडून पायत जाऊ. तुह्या अब्बाले बी बरं पडन."

एसटी सुरू झाली. ती खिडकीपाशी दोन पावलं चालली.

"अब्बाले सांगितला," ती म्हणाली. "तुमाले नाही सांगत."